आधीं परीक्षा, मग उपाय

मोटारीची किल्ली फिरवावी आणि इंजिनानें एक गिरकीहि घेऊं नये, असा प्रसंग आला म्हणजे भोंवतीं जमलेला प्रत्येक जण वैद्य होतो. कोणी म्हणतो, "बॅटरी बदला", कोणी म्हणतो, "पेट्रोल संपलें असेल." वास्तविक पेट्रोल नसलें तरी इंजिन फिरतें, मात्र पेटत नाहीं. न फिरणें आणि न पेटणें हे दोन निराळे रोग होत. हा भेद ज्यानें ओळखला नाहीं त्याचा पुढील खटाटोप व्यर्थ जातो.

१९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारींत चार्ल्स केटरिंग ह्यांचा विजेचा स्टार्टर आला. त्यापूर्वीं हँडल मारतांना उलट झटका बसून चालकांचे हात मोडत. ह्या स्टार्टरची वाट सरळ आहे: बॅटरी, तारा, किल्लीचा स्विच, सोलेनॉइड, स्टार्टर. म्हणून परीक्षाहि क्रमानेंच करावी. दिवे लावून किल्ली फिरवावी. दिवे अगदीं मंदावले, तर बहुधा बॅटरी उतरली आहे किंवा तारांचे सांधे बिघडले आहेत. दिवे प्रखर राहिले आणि आवाजच झाला नाहीं, तर स्विचपासून स्टार्टरपर्यंतची वाट तपासावी. भरलेली बॅटरी स्वस्थ असतां सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते; तेवढी दाखवीत असेल, तर निदान ती बदलण्याची घाई करूं नये.

मीं ती घाई केली. नवी बॅटरी आणली. मोटार तशीच उभी. अखेर बॅटरीपासून सांगाड्याकडे जाणाऱ्या तारेच्या टोंकाचा गंज घासतांच इंजिन फिरलें. खर्च हजारोंचा, औषध कानशीच्या चार हातांचें!

पैसे गेले ह्याचें दुःख थोडें. परंतु हीच चूक मीं वर्गांतहि केली आहे. एक मुलगा गणितांत वारंवार नापास होई. मीं त्यास आळशी ठरविलें, वडिलांनीं शिकवणी लावली. वर्षाअखेर कळलें कीं, त्यास फळ्यावरचे आंकडेच दिसत नव्हते. चष्मा मिळाला, गेलेलें वर्ष मात्र मला त्यास परत देतां आलें नाहीं.

पालकहो, मूल अडलें म्हणजे बोल लावण्यापूर्वीं तें कोठें अडलें हें शांतपणें पाहावें. आणि विद्यार्थिमित्रांनो, "मला येत नाहीं" एवढ्यावर थांबूं नका. कोणत्या पायरीपासून येत नाहीं, तें शिक्षकांस निःसंकोच सांगा. देवानें दिलेल्या बुद्धीचा आरंभींचा उपयोग तोच होय.