तज्ज्ञांनी सभागृहाची दारे उघडावीत

पोलीस असल्याचे भासवणारे भामटे व्हिडिओ कॉलवरच्या ‘डिजिटल अरेस्ट’च्या धाकाने निवृत्तांची आयुष्यभराची पुंजी लुटत असताना, संगणक व्यावसायिकांच्या संस्थांनी आपली सायंकालीन व्याख्याने सर्व नागरिकांसाठी मराठीतून आणि विनाशुल्क खुली करावीत, असे आमचे स्पष्ट मत आहे. १९६५ साली स्थापन झालेल्या कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडियाच्या राज्यातील शाखांनी यात पुढाकार घ्यावा.

श्रोतृवर्ग वाढला की विषयाची खोली हरवते, हा आक्षेप निराधार नाही. क्लाउडच्या रचनेवर ऐकायला आलेल्या अभियंत्याला ओटीपीचे धडे नको असतात. त्याच्यासाठी वेगळी सत्रे जरूर ठेवावीत. परंतु व्हिडिओ कॉलवर अटक करण्याची तरतूदच कायद्यात नाही आणि पैसे गेल्यास तत्काळ १९३० या क्रमांकावर तक्रार करायची असते, हे फोनवरच्या ध्वनिमुद्रित सूचनेने पुरेसे ठसत नाही. हे भामटे माणसाला आधी एकटे पाडतात. भरल्या सभागृहात शेजाऱ्याने विचारलेला प्रश्न नेमका तो एकटेपणा मोडतो.

न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या वसंत व्याख्यानमालेचा अभिमान बाळगणाऱ्या महाराष्ट्राला हे अवघड नाही. महापालिकांनी महिन्यातून एक संध्याकाळ सभागृह विनाभाडे द्यावे, संस्थांनी वक्ते द्यावेत आणि निम्मा वेळ प्रश्नांसाठी राखावा. तज्ज्ञ आपसांतच बोलत राहिले, तर बाकीच्यांशी बोलायला भामटे तयारच आहेत.