ज्योतीची कैफियत

तेलविहिरींच्या फलाटांवर आणि वायुप्रक्रिया कारखान्यांच्या उंच नळकांड्यांच्या टोकाशी अहोरात्र जळणारी ज्योत ही यंत्राची सुरक्षाझडप आहे, ती नसेल तर कारखानाच उडेल, असे तिचे कैवारी सांगतात. आणि दाब अकस्मात वाढला असता वायू जाळून टाकणेच शहाणपणाचे, हे आम्हांसही सर्वस्वी मान्य आहे. परंतु आपत्काळासाठी दिलेली मुभा नित्याच्या उधळपट्टीस लागू करणे हा निव्वळ वकिली कावा होय. जगात दरवर्षी सुमारे 150 अब्ज घनमीटर वायू असा जळतो. त्यातील फार मोठा भाग, तेलाबरोबर वर येणारा वायू वाहून नेण्याच्या नळाचा खर्च कोणास सोसावयाचा नसतो म्हणून जळतो.

दुसरा बचाव अधिक चतुर आहे. मिथेन तसाच सोडण्यापेक्षा जाळलेला बरा, कारण वीस वर्षांच्या हिशेबाने त्याची तापविण्याची शक्ती कार्बन डायऑक्साइडच्या 80 पटींहून अधिक असते. तत्त्व निर्दोष, पण हा सारा हिशेब ज्योत 98 टक्के मिथेन नष्ट करते, या गृहीतावर उभा आहे. अमेरिकेतील तीन मोठ्या तेलक्षेत्रांवर विमानातून केलेली, 2022 साली प्रसिद्ध झालेली मोजणी पाहावी: विझलेल्या आणि अर्धवट जळणाऱ्या ज्योती जमेस धरता ते प्रमाण 91 टक्क्यांच्या आसपास भरले. म्हणजे निसटणारा मिथेन 2 टक्के नव्हे, सुमारे 9 टक्के! (दप्तरातली ज्योत मात्र कधी विझत नाही.)

हे अटळ आहे काय? नॉर्वेने तेलयुगाच्या आरंभीच, 1971 साली, वायू जाळावयाचा नाही असे धोरण ठरविले आणि ते पाळले. नायजेरियाने 1979 च्या कायद्याने 1 जानेवारी 1984 नंतर मंत्र्याच्या लेखी परवानगीवाचून वायू जाळण्यास मनाई केली. पण सवलती इतक्या सढळ आणि दंड इतका क्षुल्लक ठेवला, की नायजर नदीच्या मुखप्रदेशातील ज्योती चाळीस वर्षांनंतरही जळतच आहेत. आणि आपल्या दारचे उदाहरण घ्यावयाचे, तर 1974 साली तेल लागलेल्या मुंबई हायवरही प्रारंभी कितीतरी वायू भर समुद्रात जाळला जात असे. पुढे समुद्रतळावरून नळ उरणला आला, आणि ज्या वायूस टाकाऊ म्हणत, तोच थळच्या कारखान्यात युरिया होऊन शेतात पडू लागला.

सबब शासनाकडे मागणी एवढीच, की वायूच्या विनियोगाची तजवीज पाहिल्यावाचून कोणत्याही नव्या तेलक्षेत्रास उत्पादनाचा परवाना देऊ नये, आणि नित्य जळणाऱ्या प्रत्येक घनमीटरावरील दंड तो वायू वाहून नेण्याच्या खर्चाहून अधिक ठेवावा.