‘टेन्शन घेऊ नकोस’

नेमबाजीच्या कुठल्याही शालेय स्पर्धेत फायरिंग लाइनच्या मागे थोडा वेळ उभे राहा. ‘टेन्शन घेऊ नकोस, फक्त लक्ष दे,’ हे वाक्य ऐकू येतेच. सांगणाऱ्या आईवडिलांचा जीव मुलीत अडकलेला असतो, हे खरे. पण चौदा वर्षांच्या त्या पोरीने छातीतली धडधड थांबवायची कशी?

५० मीटरवरच्या रायफल प्रकारात दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे सदऱ्याच्या बटणाएवढे असते. रायफल स्थिर राहावी म्हणून दंडाला पट्टा आवळतात, आणि त्याच पट्ट्यातून नाडी रायफलीत उतरते. ठोक्यागणिक नळीच्या टोकाची माशी हलताना नेमबाजाला दिसते. श्वास सोडल्यावर पुढचा घेण्याआधी शरीर क्षणभर आपसूक थांबते, तेवढ्यात चाप दाबायचा. श्वास जास्त रोखला तर नजर धूसर होते, हात थरथरतो. ठोके मंदावणाऱ्या बीटा-ब्लॉकर औषधांवर या खेळात बंदी आहे ती उगीच नाही. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सूला अशाच औषधापायी दोन पदके परत करावी लागली. शरीराचा एवढा वाटा असलेल्या खेळात चुकलेल्या गोळीचा दोष आपण मात्र सरसकट ‘कच्च्या मनाला’ देऊन मोकळे होतो.

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या नेमबाज स्वप्नील कुसाळेचे उदाहरण घ्या. २०२३च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत आघाडीवर असताना उभ्याने झाडलेली त्याची एक गोळी ७.६वर गेली आणि तो चौथा आला. मोठ्या स्पर्धेत ढेपाळतो, असा शिक्का बसायला तेवढे पुरले असते. दहा महिन्यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये तोच ४५१.४ गुणांसह कांस्यपदक घेऊन उभा होता. त्या दिवशी पोटात गोळा आला होता, काही खाल्ले नव्हते, नुसता काळा चहा घेतला होता, हृदय जोरात धडधडत होते, असे त्याने नंतर स्वतःच सांगितले. धडधड होतीच, त्याने श्वास ताब्यात ठेवला आणि नेहमीचेच केले.

हे नेहमीचे अंगवळणी पडायला सराव लागतो, तोही नुसत्या शांत रेंजवरचा नाही. गलका चालू असताना, जिना चढून आल्यावर ठोके वाढलेले असताना, एकेका गोळीवर बाद व्हायची भीती असताना नेम धरायला मुलांना शिकवले पाहिजे. रायफल, जॅकेट, गोळ्या यांवर पालक कर्ज काढून खर्च करतात. जिल्ह्याच्या रेंजवर महिन्यातून दोनदा क्रीडा मानसतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ यावेत, ही सोय मात्र त्यांच्या ऐपतीबाहेरची आहे. ती शासनानेच करायला हवी.

तोवर पालकांनी एवढे करावे. गुणफलकाकडे बघून सुस्कारा टाकू नये. आणि स्पर्धेच्या सकाळी मुलीला विचारावे, रात्री झोप लागली का, पोटात काही गेले का.