सहा आठवड्यांची विलायत

एका जुन्या वाचकांचें पत्र आमच्यापुढें आहे. त्यांची पुतणी तालुक्याच्या गांवच्या वाचनालयांत साहाय्यक ग्रंथपाल आहे. ग्रंथालयशास्त्राच्या उन्हाळी वर्गासाठीं सहा आठवडे लंडनला जाण्याचें तिनें मनांत घेतलें आहे. निम्मा खर्च तिनें पगारांतून साठविला. उरलेल्यासाठीं आजींनीं आपल्या पाटल्या पुढें केल्या. त्यावरून घरांत दोन तट पडले आहेत. काका विचारतात, "पुस्तकें फळीवर लावावयास शिकण्यासाठीं समुद्र ओलांडावयास हवा काय?"

प्रश्न रास्त आहे. मात्र फळीवर पुस्तक लावणें हें काकांना वाटतें तितकें सोपें काम नव्हे. विद्यार्थिदशेंत आम्हांला एक इतिहासग्रंथ हवा होता. नोंदवहींत त्याचें नांव होतें, कपाटांत ग्रंथ नव्हता. वर्षभर आम्ही खेपा घातल्या. परीक्षा उरकल्यावर, भिंतींना चुना देण्यासाठीं कपाटें हलविलीं, तेव्हां तो वैद्यकाच्या पुस्तकांमागें निघाला! थोरामोठ्यांचीही हीच गत होते. ऑक्टोबर २०२३ मध्यें लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीच्या संगणकांवर चोरट्यांनीं हल्ला केला. ग्रंथ जागच्या जागीं होते; पण सूची बंद पडली आणि वाचकांचे हात बांधले गेले. ती सूची पुन्हां पाहतां येऊं लागण्यास २०२४ चा जानेवारी उजाडावा लागला.

आतां विलायतेंत काय मिळतें, हें डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांच्या उदाहरणावरून पाहूं. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजांत ते गणित शिकवीत. १९२४ च्या जानेवारींत ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, आणि थोड्याच दिवसांत त्या निवांत खुर्चीला इतके कंटाळले कीं, मला माझा वर्ग परत द्या, म्हणून कॉलेजकडे गेले. तोड निघाली ती अशी : आधीं इंग्लंडांत जाऊन हें शास्त्र शिकावें, तरीही मन रमलें नाहीं तर खुशाल गणिताकडे परतावें.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत त्यांना बर्विक सेयर्स हे गुरु लाभले. सेयर्स स्वतः क्रॉयडनच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे प्रमुख. रंगनाथन वर्गांत शिकले त्याहून अधिक ग्रंथालयें हिंडून शिकले. वाचक स्वतः कपाटाशीं जाऊन पुस्तक काढतो, चाळतो, परत ठेवतो, हें त्यांनीं तेथें पाहिलें. इंग्लंडांत या मोकळिकीचा पायंडा लंडनच्या क्लार्कनवेल भागांत जेम्स डफ ब्राउन यांनीं १८९४ मध्यें पाडला होता. आमच्याकडे कित्येक वाचनालयांत वाचक अजूनही खिडकीशीं चिठ्ठी घेऊन उभा असतो!

तेथेंच सेल्फ्रिजच्या दुकानांत त्यांनीं मेकॅनो नांवाचें खेळणें पाहिलें. त्याच भोंकांच्या पट्ट्या, तेच नटबोल्ट. जोडणी बदलली कीं नवें खेळणें. १८७६ पासून चालत आलेल्या ड्युईच्या दशांश पद्धतींत विषयांचीं घरें आधींच ठरलेलीं. नवा पाहुणा आला कीं अडचण. रंगनाथन यांनीं विषयाचे तुकडेच केले. भात हें पीक, करपा हा रोग, त्यावर उपाय. प्रत्येकास निराळें चिन्ह द्यावें आणि हवीं तेवढीं चिन्हें द्विबिंदूनें जोडावीं, म्हणजे ग्रंथाची जागा ठरली. १९३३ मध्यें हें द्विबिंदू वर्गीकरण प्रसिद्ध झालें. जुलै १९२५ मध्यें परतल्यावर त्यांनीं गणिताच्या वर्गाचें नांव पुन्हां काढलें नाहीं, हें सांगावयास नकोच.

रंगनाथन तेथें महिनोन्‌महिने राहिले, आणि त्यांस विद्यापीठानें पाठविलें होतें. येथें सहा आठवडे आहेत आणि आजींच्या पाटल्या आहेत, हें आम्ही विसरत नाहीं. तथापि उन्हाळी वर्ग ही आजची टूम नव्हे. अमेरिकेंत ॲम्हर्स्ट येथें फ्लेचर यांनीं १८९१ पासून असे वर्ग चालविले. आणि मुलीच्या जातीला हें कशाला, असें घरांत कोणी म्हणत असेल तर त्यांस इतकेंच सांगावें कीं, १८८७ मध्यें ड्युई यांनीं कोलंबिया कॉलेजांत पहिली ग्रंथपालशाळा उघडली तेव्हां २० विद्यार्थ्यांत १७ स्त्रिया होत्या. विश्वस्तांनीं त्याच कारणास्तव वर्गासाठीं खोली नाकारली. शाळा अडगळीच्या जागेंत भरली.

आमचें मत असें कीं, सहा आठवड्यांत शास्त्र येत नाहीं. पुतणीनें येथील विद्यापीठाची ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतली नसेल तर आधीं ती घ्यावी. उन्हाळी प्रमाणपत्रानें पगार वाढेल हा हिशेबही काकांनीं मनांत धरूं नये. पण आपल्या वाचनालयांतील एखादी खरीखुरी अडचण गांठीशीं बांधून ती जाणार असेल, तर अवश्य जावें. अशी एक अडचण आम्हीच सुचवितों. ग्रंथकाराचें नांव आडनांवाखालीं नोंदावें हा इंग्रजी शिरस्ता. मग ज्ञानेश्वरांचें काय? त्यांस कोणी कुळकर्णी म्हणून शोधीत नाहीं. केशवसुत पाहावयाचे ते केशवसुतांखालीं कीं दामल्यांखालीं? कुसुमाग्रजांच्या कविता एका टोकाला आणि शिरवाडकरांचीं नाटकें दुसऱ्या टोकाला, असें झालें तर एकाच लेखकाचे दोन संसार होतात. ब्रिटिश म्युझियममधील मराठी छापील पुस्तकांची सूची ब्लूमहार्ट यांनीं १८९२ मध्यें प्रसिद्ध केली. म्युझियमचा तो ग्रंथसंग्रह १९७३ मध्यें ब्रिटिश लायब्ररीकडे आला. तेथील वाचकपत्रास शुल्क पडत नाहीं. पुतणीनें दोन दिवस तेथें बसून त्या परक्या माणसानें आपलीं नांवें कशीं लाविलीं हें पाहावें, आणि उरलेल्या सुट्या मोहल्ल्यामोहल्ल्यांतील लहान ग्रंथालयांत घालवाव्या. मुलें, म्हातारीं, बेकार माणसें तेथें कशीं येतात आणि त्यांच्याशीं कसें बोलतात, हें वर्गांत कोणी शिकवीत नाहीं.

पाटल्यांचें म्हणाल, तर त्या आजींच्या आहेत. आणि काकांनीं पत्रांतच लिहिलें आहे कीं, आजी त्या वाचनालयाच्या पन्नास वर्षांच्या वर्गणीदार आहेत. त्यांना न विचारतां त्या पाटल्यांवर मत देणें आम्हांस शोभणार नाहीं. पुतणी परत आली कीं केशवसुत तिनें कोणत्या नांवाखालीं घातले, तें मात्र आम्हांस अवश्य कळवावें.