दक्षिणा कुणाच्या पदरात?

क्षेत्र माहुलीच्या रामशास्त्री प्रभुण्यांची एक आख्यायिका साताऱ्याकडे अजून सांगतात. पेशव्यांच्या रमण्यातलं दक्षिणावाटप शास्त्रीबोवांच्या देखरेखीखाली चाले. एके वर्षी त्यांचे सख्खे भाऊच रांगेत उभे राहिले. नाना फडणीस म्हणाले, शास्त्रीबोवांचे बंधू आहेत, हात जरा सैल सोडा. शास्त्री म्हणाले, यांची विद्या इतरांइतकीच, तेव्हा सरकारातून इतरांइतकंच मिळेल. भाऊ म्हणून काय द्यायचं ते मी माझ्या घरून देईन. गोष्ट घडली असेल तशीच असेल किंवा लोकांनी रचलीही असेल. पण ज्या मुलखाने ती जपली, त्याला निदान काय शोभतं आणि काय शोभत नाही हे कळत होतं.

त्या रमण्याची दुसरी बाजू मात्र झाकून चालणार नाही. रांगेत उभं राहण्याचा हक्कच एका जातीला होता. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी दक्षिणा चालू ठेवली, आणि 1849 साली पुण्यातल्या सुधारकांनी त्या पैशातला काही वाटा मराठी ग्रंथांना द्यावा असा अर्ज केला, तेव्हा शहरात काहूर उठलं. अर्जदारांच्या पाठीशी जोतीराव फुले आपली माणसं घेऊन उभे राहिले. त्यांच्या घराण्याचं मूळ गाव कटगुण, आपल्याच खटाव तालुक्यातलं. विद्येसाठी ठेवलेला पैसा कुणाच्या पदरात पडतो, हा प्रश्न त्या काळी रस्त्यावर आला होता. आज आपण एकमेकांना एवढंच विचारतो : "तुमच्याला किती टक्के शिष्यवृत्ती मिळाली?"

वकिलीच्या प्रवेशाचा हंगाम बघा. सांगलीच्या विश्रामबागेत किंवा साताऱ्याच्या सदर बझारात, बरं चाललेल्या घरात, टेबलावर तीन कागद पडलेले असतात. एक राष्ट्रीय विधी विद्यापीठाचा, वर्षाची फी लाखांत. दुसरा राज्याच्या सीईटीतून मिळालेल्या जवळच्या अनुदानित महाविद्यालयाचा, फी हजारांत. तिसरा दूरच्या खासगी विद्यापीठाचा, गुळगुळीत कागदावर छापलेला : 'गुणवत्ता शिष्यवृत्ती, पन्नास टक्के'. पाठोपाठ तिथल्या समुपदेशकाचा फोन येतो. "सर, आज संध्याकाळपर्यंत टोकन भरलंत तरच ही ऑफर राहील." बापही कच्चा नसतो. तो दुसऱ्या विद्यापीठाचं पत्र पुढे करतो आणि पन्नासाचे साठ करून घेतो. रात्री आई माहेरी फोन लावते, "दादा, दोन लाख सुटले बघ!" सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा निघतो तेव्हा बोली निदान चारचौघांत, मोठ्याने लागते. इथे प्रत्येकाच्या कानात वेगळा भाव सांगितला जातो, आणि त्याला आपण गुणवत्ता म्हणतो.

मुलगा हुशार असतो, यात वाद नाही. पण त्या हुशारीला खतपाणी कुणी घातलं? राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठीची क्लॅट 2008 पासून घेतली जाते ती इंग्रजीतून. खुल्या प्रवर्गाला नुसता अर्ज भरायचा तर चार हजार रुपये, अनुसूचित जाती-जमातींना साडेतीन हजार. त्याआधी वर्ष-दोन वर्षांचा क्लास, बहुतेकदा पुण्यात राहून. पुढे जागा धरून ठेवायला पुन्हा हजारोंची रक्कम आगाऊ. कृष्णाकाठच्या उसावर हा खर्च निभतो. जत-आटपाडीच्या, माण-खटावच्या कोरडवाहू रानात निभत नाही. तिथल्या पोराच्या हातात दोन पत्रं यावीत आणि त्याने निवड करावी, ही वेळच येत नाही. ज्याच्यासाठी शिष्यवृत्ती असायला हवी तो सौद्याच्या जागेपर्यंत पोचत नाही, आणि जो पोचतो त्याला ती नसली तरी चाललं असतं. ही चोरी कुणी एकट्याने केलेली नाही. आपण सगळ्यांनी मिळून, हसतखेळत, पेढे वाटत केलेली आहे.

त्या साठ टक्क्यांचं पुढे काय होतं तेही ऐका. छापील फी आधीच इतकी चढी असते, की सवलत देऊनही धंद्याला तोटा नसतो. ती सवलत भरून निघते त्यांच्या खिशातून, ज्यांना फोनवर घासाघीस करता आली नाही. ज्या बापाने बँकेचं कर्ज काढलं आणि सांगितला तो आकडा मुकाट्याने भरला. शिवाय पत्राच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात अट असते : दरवर्षी अमुक श्रेणी राखली तरच शिष्यवृत्ती चालू राहील. वर्गातले गुण एकमेकांच्या तुलनेत द्यायचे ठरले, तर सगळे अभ्यास करूनही सगळ्यांना ती श्रेणी मिळणार नाही, हे पहिल्याच दिवशी पक्कं असतं. दुसऱ्या वर्षी सवलत गेली की पोरगं मधल्यामध्ये अडकतं. सोडून यावं तर वर्ष वाया, राहावं तर पूर्ण फी.

अमेरिकेत हेच झालं होतं. तिथल्या विधी महाविद्यालयांनी अशी सशर्त शिष्यवृत्तीची पत्रं भरमसाट वाटली आणि पुढे काढून घेतली. ओरड झाली तेव्हा अमेरिकन बार असोसिएशनने नियम केला. किती विद्यार्थ्यांना सशर्त शिष्यवृत्ती दिली आणि त्यातल्या कितींची नंतर कमी केली किंवा बंद केली, हे प्रत्येक महाविद्यालयाने दरवर्षी जाहीर करायचं. सौदे तिथे आजही होतात, पण घेणाऱ्याला आकडे दिसतात. आपल्याकडे आकडे मागायचं कुणाला सुचतही नाही, कारण ज्यांना मागता आले असते ते स्वतःचे साठ टक्के घेऊन गप्प बसलेले असतात. गावच्या चौकात मात्र फ्लेक्स लागतो, 'वकिलीसाठी शंभर टक्के शिष्यवृत्ती मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन', आणि खाली शुभेच्छुकांचे चाळीस चेहरे. ती शिष्यवृत्ती कशाबद्दल, किती वर्षांची आणि कोणत्या अटीवर, हे त्या चाळिसांतल्या एकालाही ठाऊक नसतं.

मुलीच्या बाबतीत तर आपण याहून खालच्या पायरीवर उभे आहोत. ऑक्टोबर 2011 मध्ये सातारा जिल्ह्यात 'नकुशी' नावाच्या दोनशेहून अधिक मुलींचं समारंभाने नामांतर झालं. देशभर बातम्या आल्या, आपण टाळ्या वाजवल्या. त्यांतली जी तेव्हा पहिली-दुसरीत होती ती आज कॉलेजच्या वयाची आहे. तिचं नाव बदललं. तिच्या वाट्याचा खर्च बदलला का? मुलगा पुण्याला किंवा दिल्लीकडे, आणि मुलगी "येऊन-जाऊन करता येईल तिथे", हा नियम कोणत्याही कायद्यात लिहिलेला नाही, पण सातारा-सांगली दोन्ही जिल्ह्यांत त्याची अंमलबजावणी चोख होते. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण आणि परीक्षा शुल्कात शंभर टक्के सूट दिली. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं तेवढी वगळली. निर्णय चांगला. पण घराघरांत त्याचं काय झालं? "पोरीचं फुकटात भागलं" म्हणून उरलेला पैसा भावाच्या टोकनकडे वळला. सूट तिच्या नावावर, उपभोग त्याचा.

नाशिकला जन्मलेली कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पहिली आली. त्या क्रमांकाला इंग्लंडात शिकायची सरकारी शिष्यवृत्ती ठरलेली होती. ती तिला नाकारली, कारण ती बाई होती. इंग्लंडातल्या काही स्त्रियांनी वर्गणी जमवली म्हणून 1889 साली ती ऑक्सफर्डला पोचली आणि तिथे कायदा शिकणारी पहिली स्त्री ठरली. तेव्हा सरकार नाही म्हणालं आणि परक्या बायकांनी पैसे दिले. आज सरकार हो म्हणतं आणि सख्खा बाप हिशेब दुसरीकडे वळवतो. यातलं कोणतं पाप मोठं, ते बापांनीच ठरवावं.

आता साताऱ्याच्या शाळेतल्या एका नावाकडे येऊ. 7 नोव्हेंबर 1900 ला भीमराव रामजी आंबेडकरांचं नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात दाखल झालं. तो दिवस आपण विद्यार्थी दिवस म्हणून पाळतो. 1913 साली सयाजीराव गायकवाडांनी त्यांना अमेरिकेसाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, तीन वर्षांची. बदल्यात दहा वर्षं बडोदे संस्थानची चाकरी. अट कडक होती, पण कागदावर स्वच्छ लिहिलेली होती. मुदत संपली तेव्हा लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून 1917 ला परतावं लागलं. बडोद्यात नोकरी मिळाली, राहायला खोली मिळाली नाही. महाराजांची शिष्यवृत्ती फी भरू शकली. समाजाच्या मनातला विटाळ धुऊ शकली नाही. पुढे स्वतःची साठवलेली पुंजी, मित्राचं कर्ज आणि शाहू महाराजांची मदत यांवर ते पुन्हा लंडनला गेले आणि बॅरिस्टर झाले.

शंभर वर्षांनंतर याच शाळेच्या गावातून पुण्याला कायदा शिकायला गेलेल्या पोराला खोली भाड्याने देण्याआधी आडनाव विचारलं जातं, हे तुम्हाला माहीत आहे आणि मलाही. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यासाठी स्वाधार योजना निघाली, पुण्या-मुंबईसाठी वर्षाला 60,000 रुपये. म्हणजे महिना पाच हजार, त्यात खोली, जेवण आणि पुस्तकं. तेही वेळेवर आले तर. 'महाडीबीटी'वर अर्ज 'प्रलंबित' दिसत राहतो, आणि सरकारचा पैसा येईल तेव्हा येईल, आधी फी भरा, असं कॉलेजच्या खिडकीवर सांगितलं जातं. पात्र विद्यार्थ्यांकडून आगाऊ फी मागू नका असे सरकारी आदेश असतानासुद्धा. 2024 साली उत्तर प्रदेशातल्या एका मजुराच्या मुलाची आयआयटीतली जागा 17,500 रुपये वेळेत न भरल्यामुळे गेली होती. ती परत मिळवायला त्याला थेट सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. आपल्याकडची किती पोरं एवढ्याच रकमेवर निमूट घरी परततात, याची नोंद कोणत्याही न्यायालयात होत नाही.

आणि हे सगळं कुठे चाललं आहे? कर्मवीर भाऊराव पाटलांच्या जिल्ह्यात. 1919 साली काल्यात सुरू झालेली त्यांची रयत शिक्षण संस्था साताऱ्याला आली. वसतिगृहात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसली, आणि धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं. पोराने अंगमेहनत करायची, संस्थेने शिकवायचं. अट एवढीच, आणि सगळ्यांना सारखी. इस्माईलसाहेब मुल्लांच्या नावाचं साताऱ्याचं विधी महाविद्यालय याच रयतेचं. मग 1983 साली सांगलीच्याच वसंतदादांनी मुख्यमंत्री म्हणून विनाअनुदानित अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयांना दार उघडलं. त्याने खेड्यातली पोरं इंजिनिअर झाली, हे नाकारणं कृतघ्नपणाचं ठरेल. पण चारच वर्षांत, 1987 ला, कॅपिटेशन फीवर बंदी घालणारा कायदा करावा लागला, यावरून त्या दारातून पोरांच्या सोबत आणखी काय काय आत शिरलं ते कळतं. आज शिक्षणसम्राट म्हणवून घेणारे व्यासपीठावर कर्मवीरांच्या पुतळ्याला हार घालतात, आपल्या विधी महाविद्यालयात तासिका तत्त्वावर प्राध्यापक राबवतात, आणि स्वतःच्या मुलाला मात्र त्या महाविद्यालयाच्या आवारातही पाठवत नाहीत. यापेक्षा प्रामाणिक जाहिरात दुसरी कोणती असेल?

खरं तर जवळचं विधी महाविद्यालय निवडणं ही आज लाज वाटण्याची गोष्टच नाही. जिल्हा आणि तालुका न्यायालयांचं काम मराठीत चालतं. 18 ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतं, आणि साताऱ्या-सांगलीचे खटले तिथे चालतात. जमिनीच्या वाटण्या, धरणग्रस्तांचे दावे, ऊसबिलं, पोटगी : या मुलखाला ज्या वकिलांची गरज आहे ते दिल्लीच्या काचेच्या इमारतीत तयार होणार नाहीत. ते इथल्या महाविद्यालयांत तयार व्हायला हवेत, आणि त्यासाठी तिथे ग्रंथालय, पूर्णवेळ शिक्षक आणि गरिबाला जेवणासकट शिष्यवृत्ती लागते. ती द्यायची कुणी? सरकारने, हे उघड आहे. पण कोर्टातल्या काळ्या कोटांनीही.

वकील मंडळींना हे कडू लागेल. पदवी घेऊन आलेल्या ज्युनिअरला वर्षानुवर्षं "काम शीक, पैशांचं नंतर बघू" म्हणून फुकट राबवायची रीत तुमचीच. 2024 च्या ऑक्टोबरात बार कौन्सिल ऑफ इंडियाने सुचवलं, की ज्युनिअरला शहरात महिना 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये विद्यावेतन द्यावं. सूचनाच ती, सक्ती नाही. म्हणून ती फायलीत गेली. ज्याच्या घरी खायला आहे तोच मग वकिलीत टिकतो, आणि ज्याला आपण शिष्यवृत्ती देऊन शिकवलं तो तीन वर्षांत सनद कपाटात ठेवून पतसंस्थेत कारकून होतो.

दोन्ही जिल्ह्यांच्या वकील संघटनांनी येत्या वार्षिक सभेत दोन ठराव मांडावेत. एक, प्रत्येक ज्येष्ठ वकिलाने आपल्या ज्युनिअरला सुचवलेलं विद्यावेतन द्यावं. दुसरा, संघटनेने जवळच्या विधी महाविद्यालयातल्या गरजू मुला-मुलींची फी, खोली आणि जेवण पाच वर्षं उचलावं, आणि कुणाला किती दिले ते कोर्टाच्या आवारातल्या फळ्यावर दरवर्षी लिहावं. मतदान मात्र चिठ्ठ्या टाकून नको, हात वर करून घ्या. विरोधात कोण आहे ते नव्या पोरांना दिसू द्या.