एका पैशाचा फरक

परवा ऑफिसात एक नवा मुलगा माझ्या जुन्या हार्ड डिस्कवरच्या फायली चाळत होता. मध्येच मान वर करून त्याने विचारलं, "सर, हे फॉक्सप्रो म्हणजे काय हो?"

काय सांगणार? म्हटलं, "बाबा रे, आमच्या पोटापाण्याची भाषा होती ती."

तो हसला. मीही हसलो. मग तो त्याच्या कामाबद्दल बोलायला लागला. आमचा एक सी शार्पमधला प्रोग्रॅम पायथनमध्ये न्यायचाय. "दोन आठवड्यांत होईल सर. लॉजिक तेच आहे, फक्त भाषा बदलायची."

'फक्त भाषा बदलायची'. हे वाक्य ऐकलं आणि माझ्या पोटात गोळा आला. कारण २०१३ साली मी स्वतः हेच वाक्य, याच सुरात म्हटलं होतं.

थोडं मागे जातो. कोल्हापूरकडच्या गावांमधल्या दूध संस्थांसाठी मी हिशेबाचे प्रोग्रॅम लिहायचो. सकाळ-संध्याकाळ दुधाचं संकलन, फॅट आणि एसएनएफ बघून दर, प्रत्येक सभासदाची पावती आणि दर दहा दिवसांनी बिल. सगळं फॉक्सप्रोमध्ये. तुम्ही ती भाषा वापरली नसेल तर तिची गोडी कळणं कठीण आहे. यूज म्हटलं की टेबल उघडलं, ब्राउझ म्हटलं की सगळी माहिती डोळ्यांसमोर. मध्ये कुणी नाही. त्यामुळे मी तिला चिकटून बसलो. मार्च २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल फॉक्सप्रोची पुढची आवृत्ती निघणार नाही असं जाहीर केलं, तरी मी हललो नाही. "अजून चालतंय की!" हे माझं उत्तर.

पण चालत नव्हतं. लोडशेडिंगच्या काळात ऐन संकलनाच्या वेळी लाईट जायची, यूपीएस दमलेला असायचा आणि इंडेक्सची फाईल बिघडायची. मग फोन यायचा, मी फोनवरून रीइंडेक्स करायला सांगायचो. वर एका टेबलाला दोन जीबीची मर्यादा. शेवटी सी शार्प आणि एसक्यूएल सर्व्हर शिकलो आणि सगळं नव्याने लिहिलं. मला अभिमान वाटत होता, खोटं कशाला बोलू. चाळिशीत नवी भाषा शिकलो होतो.

पहिल्या संस्थेत नवा प्रोग्रॅम बसवला. तिथले क्लार्क अण्णा माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. त्यांना म्हटलं, "अण्णा, जुना कॉम्प्युटर आता बंद करा." ते बरं म्हणाले आणि तो टेबलाखाली सरकवून चालूच ठेवला. दहा दिवसांनी त्यांचा फोन.

"साहेब, ह्ये एका पैशाचं काय लफडं हाय?"

मी वैतागलो. म्हटलं, "अण्णा, जुन्या प्रोग्रॅममध्येच चूक असणार. नवा बरोबर आहे."

हे वाक्य मी बोलायला नको होतं. कारण ते ऑफिसातल्या दोघा-तिघांनी ऐकलं आणि गावात ते असं पसरलं की डेअरीचा जुना हिशेब चुकीचा होता. मग पुढचा प्रश्न ओघाने आलाच. इतकी वर्षं चुकीचा होता, तर वरचे पैसे गेले कुठे? आणि इतकी वर्षं हिशेबाला बसत होतं कोण? अण्णा!

संचालकांच्या बैठकीत त्यांना बोलावलं गेलं तेव्हा मला निरोप आला. मी गेलो. रात्री उशिरापर्यंत मी आणि अण्णा दोन्ही कॉम्प्युटर शेजारी ठेवून पावती न् पावती ताडत बसलो.

एका पावतीवर साडेचार लिटर दूध, दर ४०.२५. गुणाकार १८१.१२५. फॉक्सप्रो म्हणतंय १८१.१३, माझा नवा प्रोग्रॅम म्हणतोय १८१.१२. दुसऱ्या पावतीवर तेवढंच दूध, दर ४०.७५. गुणाकार १८३.३७५. इथे दोघंही १८३.३८. कधी जुळतंय, कधी नाही. म्हणूनच तर ते माझ्या तपासणीत सापडलं नव्हतं.

कारण अगदी साधं होतं. रक्कम बरोबर अर्ध्या पैशावर आली की फॉक्सप्रोचं राउंड आपल्या शाळेतल्या गणितासारखं वर जातं. सी शार्पमधलं मॅथ राउंड काही वेगळं सांगितलं नाही तर जवळच्या सम अंकाकडे जातं. १२ आणि १३ मध्ये सम १२, म्हणून खाली. ३७ आणि ३८ मध्ये सम ३८, म्हणून वर. यालाही अर्थ आहे. नेहमी वरच गेलं तर मोठ्या बेरजेत थोडी थोडी वाढ साठत जाते, ती टाळण्यासाठी ही पद्धत. चूक कुठल्याच भाषेची नव्हती. गंमत म्हणजे शेजारच्या एसक्यूएल सर्व्हरचं राउंड फॉक्सप्रोसारखंच वर जातं. म्हणजे माझ्या एकाच प्रोग्रॅमच्या दोन टोकांना दोन रीती!

दुरुस्ती एका शब्दाची होती. दुसऱ्या दिवशी संचालकांसमोर उभा राहून सांगितलं, की जुना हिशेब तुमच्या ठरलेल्या रीतीने बरोबरच होता, चूक माझी आहे. अण्णा काही बोलले नाहीत. चहा मात्र त्यांनीच मागवला.

तेव्हापासून या विषयावर माझं एक मत झालंय. भाषा बदलू नये असं मी मुळीच म्हणत नाही. मी उशीर केला, ती चूकच होती. व्हिज्युअल फॉक्सप्रोचा सपोर्टही जानेवारी २०१५ मध्ये संपला. आपल्या प्रेमापोटी लोकांना जुन्या अवजारावर ताटकळत ठेवणं हा एक प्रकारचा स्वार्थच. पण 'लॉजिक तेच आहे' हे खरं नसतं. निम्मं लॉजिक आपण लिहिलेलं असतं, उरलेलं भाषेने आपल्या नकळत सांभाळलेलं असतं. जुनी भाषा सोडताना ते मागे राहतं आणि त्याची किंमत आपण मोजत नाही. ती खिडकीपाशी बसलेला माणूस मोजतो.

हल्ली तर एआयला सांगितलं की काही सेकंदांत कोड या भाषेतून त्या भाषेत येतो. चांगलंच आहे, मीही वापरतो. पण अर्धा पैसा गावाने कुठल्या बाजूला टाकायचा ठरवलंय, हे कोडमध्ये लिहिलेलंच नसेल तर त्याला तरी कसं कळणार? ते अण्णांना माहीत असतं. म्हणून माझे नियम दोनच. जुना प्रोग्रॅम निदान तीन बिलं नव्याच्या शेजारी चालू ठेवायचा. आणि फरक दिसला की 'जुनं चुकीचं असेल' हे वाक्य सगळ्यात शेवटी बोलायचं.

असो. मी त्या मुलाला एवढं सगळं सांगितलं नाही. म्हटलं, पायथनमध्ये १८१.१२५ दोन दशांशांपर्यंत राउंड करून बघ. त्याने केलं. १८१.१२. मग म्हटलं, हेच पायथन २ मध्ये केलं असतंस तर १८१.१३ आलं असतं. भाषा तीच, नावही तेच.

तो थोडा वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सर, दोन आठवडे नाही पुरणार. आणि हा प्रोग्रॅम रोज वापरतं कोण? त्यांच्याशी एकदा बोलता येईल का?"

मी लगेच फोन लावून दिला.