सव्वाचारच्या आत मुक्कामी

आयर्लंडला जायचं तर मे-जूनमध्ये, असं जो तो सांगतो. तेव्हा रात्री दहापर्यंत उजेड असतो आणि एका दिवसात तीन-चार ठिकाणं उरकतात. मी आज अगदी उलट सांगणार आहे. घरच्यांना घेऊन, गाडीने आणि ऐन डिसेंबरात जा. त्या दिवसांत डब्लिनला सूर्य साडेआठनंतर उगवतो आणि दुपारी सव्वाचारच्या आत मावळतो. पश्चिम किनाऱ्यावर हेच सगळं थोडं उशिरा होतं, एवढाच फरक. फिरायला हातात उजेडाचे जेमतेम साडेसात तास. आमची सहल चांगली झाली ती या साडेसात तासांमुळेच, असं माझं ठाम मत आहे.

माझी धाकटी नणंद डब्लिनला नोकरी करते. यंदा नाताळच्या सुटीत नवरा, शाळकरी मुलगा, सासूबाई आणि मी असे सगळे तिच्याकडे गेलो. सात जणांची गाडी भाड्याने घेतली आणि स्टिअरिंग नणंदेकडे दिलं. तिथे आपल्यासारखंच डावीकडून चालवायचं असतं, त्यामुळे शेजारी बसणाऱ्याचा जीवही वरखाली होत नाही. मोटरवेवर ताशी १२० किलोमीटरपर्यंत जाता येतं. डब्लिनच्या एम-५० या वळणरस्त्यावर टोलनाका नावाची गोष्टच नाही. कॅमेरा नंबर टिपतो आणि दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या आत आपण पैसे भरायचे. खरा आयर्लंड मात्र मोटरवे सोडल्यावर सुरू होतो. दोन्ही बाजूंना दगडी गडगे, मधोमध उगवलेलं गवत आणि एकच गाडी मावेल एवढी वाट. अशा गावरस्त्यांवरची मर्यादा फेब्रुवारी २०२५ मध्ये ८० वरून ६० वर आणली, आणि डिसेंबरातल्या ओल्या वळणांवर साठसुद्धा जास्त वाटतात. समोरून गाडी आली की कुणीतरी एक जण मागे सरतो, आणि जाताना समोरचा स्टिअरिंगवरचा हात न काढता एक बोट उचलतो. ओळख असो वा नसो, हा नमस्कार चुकत नाही. दुसऱ्या दिवसापासून मागच्या सीटवरून सासूबाईही हात जोडायला लागल्या.

निघण्याआधी दोन गोष्टी मात्र नीट पाहून घ्याव्यात. एक म्हणजे मेट एरन या हवामान खात्याचे इशारे. पिवळा असेल तर जपून जायचं, नारिंगी असेल तर बेत बदलायचा, लाल असेल तर घराबाहेर पडायचं नाही. दुसरी गोष्ट व्हिसाची. उत्तर आयर्लंडच्या हद्दीवर फाटक नाही, चौकी नाही, फक्त पाट्यांवरचे किलोमीटर जाऊन मैल येतात. पण तो भाग ब्रिटनचा. भारतीय पासपोर्ट आणि आयर्लंडचा साधा व्हिसा एवढ्यावर तिकडे जाता येत नाही. आम्ही उत्तर वगळून पश्चिमेची वाट धरली.

त्याआधी मात्र डब्लिनपासून तासाभराच्या आत असलेलं न्यूग्रेंज पाहिलं. बॉइन नदीच्या वळणावरची ही समाधी इसवी सन पूर्व ३२०० च्या सुमाराची, म्हणजे गिझाच्या मोठ्या पिरॅमिडहूनही जुनी. बाहेरून गवताने झाकलेलं मोठं गोल टेकाड आणि दर्शनी भागाला पांढरी गारगोटी. आत जायला १९ मीटरचा दगडी बोळ आहे. तो इतका अरुंद की काही ठिकाणी खांदे तिरके करून सरकावं लागतं. पायाखालची जमीन हळूहळू चढत जाते. आतल्या गाभाऱ्याची जमीन जिथे येते ती उंची आणि प्रवेशदारावरच्या चौकोनी झरोक्याची उंची एकच. त्यामुळे वर्षातल्या सर्वांत लहान दिवसाच्या आसपास, सूर्य उगवताना, या झरोक्यातून आलेला किरण थेट गाभाऱ्यात पोहोचतो आणि साधारण १७ मिनिटं तिथे राहतो. प्राध्यापक मायकेल ओ'केली यांनी २१ डिसेंबर १९६७ च्या सकाळी आत उभं राहून हे पाहिलं, तेव्हा आधुनिक जगाला त्याचा पत्ता लागला. आता त्या पहाटेच्या मोजक्या जागांसाठी हजारो अर्ज येतात आणि सोडत निघते. बाकीच्यांना आत दिव्याने ते दाखवतात. वाटाड्याने सगळे दिवे मालवले. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख झाला. मग जमिनीवर एक बारीक पिवळी रेघ उमटली आणि सरकत सरकत आमच्या बुटांपर्यंत आली. एरवी सतत प्रश्न विचारणारा माझा मुलगा गप्प झाला होता. सासूबाई हळूच म्हणाल्या, "मेलेल्यांसाठी केला गो एवढा खटाटोप?" हो, तिथे दहन केलेल्यांच्या अस्थी सापडल्या आहेत. पाच हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांनी वर्षातला सर्वांत दुर्मीळ उजेड गेलेल्यांसाठी आत आणला होता.

पुढच्या प्रवासात ही गोष्ट मला पुन्हा पुन्हा भेटली. अंधार लांबला की इथली माणसं दिवा दुसऱ्यासाठी लावतात.

गॉलवेला आम्ही संध्याकाळी पोहोचलो. संध्याकाळी म्हणजे पाच वाजता, पण चांगलीच रात्र झालेली. आयर स्क्वेअरवर नाताळचा बाजार भरला होता. त्या रोषणाईत उभी असताना मला सविता हलप्पनवारची आठवण आल्याशिवाय राहिली नाही. बेळगावात वाढलेली, पेशाने दंतवैद्य असलेली ही मुलगी ऑक्टोबर २०१२ मध्ये याच शहरात गेली. सतरा आठवड्यांचा गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट होतं, तिने गर्भपाताची मागणी केली होती. गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू आहेत म्हणून ती नाकारली गेली आणि जंतुसंसर्गाने तिचा बळी घेतला. वय अवघं ३१. त्या नोव्हेंबरात आयर्लंडभर लोक मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर उतरले. परदेशातून आलेल्या एका मुलीसाठी त्यांनी स्वतःच्या देशाला जाब विचारला. २५ मे २०१८ च्या सार्वमतात सुमारे ६६ टक्क्यांनी कौल देऊन गर्भपातबंदीची घटनेतली तरतूद काढून टाकली. तेव्हा पंतप्रधान होते लिओ वराडकर. ते स्वतः डॉक्टर, आणि त्यांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे. २०१९ च्या डिसेंबरात ते पंतप्रधान असताना वराडला येऊन गेले, हे सासूबाईंनी त्या रात्री नणंदेच्या मैत्रिणींना अगदी अभिमानाने सांगितलं. त्यांचं माहेर तिथून जवळच. सविताचं नाव निघालं तेव्हा मात्र त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

गॉलवेच्या पश्चिमेला कॉनेमारा. पिवळट दलदल, काळी तळी आणि डोंगरांवर सतत बदलणारं आभाळ. कायलमोर ॲबीच्या मठातल्या शाळेत एके काळी रणजितसिंहजींच्या पुतण्या शिकल्या, आणि क्रिकेटवाल्या त्या जामसाहेबांनी १९२४ मध्ये इथला बॅलिनाहिंचचा किल्ला विकत घेतला होता. मुलाला हे फारच आवडलं. पण मला थांबवलं ते उत्तरेकडच्या डूलॉखच्या दरीने. बटाट्यावर रोग पडला आणि १८४५ पासून काही वर्षांत या बेटावरचे सुमारे दहा लाख लोक भुकेने आणि आजाराने मेले, तेवढेच किंवा त्याहून जास्त देश सोडून गेले. १८४१ मध्ये बेटाची लोकसंख्या ८० लाखांवर होती. आजही ती तिथवर पोहोचलेली नाही. मार्च १८४९ मध्ये लुइसबर्गच्या उपाशी माणसांना, मदत हवी असेल तर तपासणीसाठी डेल्फी लॉजवर हजर व्हा, असं सांगण्यात आलं. कडाक्याच्या थंडीत ती माणसं या दरीतून चालत गेली, रिकाम्या हाताने परत निघाली आणि वाटेत कित्येकजण कोसळले. रस्त्याकडेला साधा दगडी क्रूस उभा आहे आणि त्यावर महात्मा गांधींचं वचन कोरलेलं आहे. त्या दुष्काळात कलकत्त्याहूनही मदतनिधी गेला होता. आम्ही गाडीतून उतरलो तेव्हा वारा इतका होता की दार दोन्ही हातांनी धरावं लागलं. त्या वाऱ्यात अनवाणी चालणं म्हणजे काय, हे जूनच्या उन्हात कळलं नसतं.

नाताळ आम्ही क्लेअर परगण्यात, बरनच्या पायथ्याशी घेतलेल्या भाड्याच्या घरात केला. मोहरचे २१४ मीटर उंचीचे कडे इथून जवळ. ते पाहायला जग येतं आणि पाहावेतच. पण मी म्हणेन, बरनला जास्त वेळ द्या. मैलोन् मैल राखाडी चुनखडीची फरसबंदी, भेगाभेगांतून हिरवळ. जगभर गुरं उन्हाळ्यात डोंगरावर नेतात आणि थंडीत खाली आणतात. बरनचे शेतकरी बरोबर उलट करतात. चुनखडी उन्हाळाभर ऊब साठवते आणि हिवाळाभर ती सोडत राहते, पाणी भेगांतून निथळून जातं, म्हणून थंडीत गुरांना वरची जमीनच कोरडी आणि उबदार. गुरं वाढलेलं गवत खाऊन टाकतात आणि वसंतात बरनच्या प्रसिद्ध रानफुलांना ऊन मिळतं. उघड्या दगडावर ऐन डिसेंबरात निवांत रवंथ करणाऱ्या गाई बघताना सासूबाईंनी गाडी थांबवायला लावली. शेतीतलं हे शहाणपण त्यांना एका नजरेत कळलं.

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारीच आम्ही पेट्रोल, दूध, भाजी भरून घेतली. २५ डिसेंबरला बस-रेल्वे बंद, पब कायद्याने बंद, डब्लिनचा विमानतळसुद्धा बंद. अंधार पडायला शेजारच्या घरमालकीणबाई टोपलीभर पीट घेऊन आल्या. दलदलीतून कापून वाळवलेल्या या मातीच्या विटा चुलीत उभ्या कशा रचायच्या, ते त्यांनी गुडघे टेकून नणंदेला दाखवलं. वास गोडसर मातकट, आणि ऊब तासन् तास. मग त्यांनी विचारलं, घरात सर्वांत लहान कोण? माझ्या मुलाला पुढे करून त्यांनी खिडकीत मेणबत्ती लावायला सांगितली. मेरी आणि जोसेफला त्या रात्री कुठे जागा मिळाली नव्हती, म्हणून वाट चुकलेल्या कुणालाही हे घर तुझं आहे, असं सांगणारा हा दिवा. मेरी रॉबिन्सन १९९० मध्ये देशाच्या पहिल्या स्त्री राष्ट्राध्यक्ष झाल्या, तेव्हा त्यांनी परदेशी गेलेल्या साऱ्या आयरिश लोकांसाठी राष्ट्राध्यक्ष भवनाच्या खिडकीत कायमचा दिवा ठेवला. डूलॉखची दरी पाहून आल्यावर त्या दिव्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. आपली नणंद, भाऊ, मुलगी दूर देशी असलेल्या आपल्यालाही तो कळतो.

२६ तारखेला किलिमरहून वीस मिनिटांच्या फेरीने गाडीसकट शॅनन नदीचं मुख ओलांडलं आणि केरीतल्या डिंगलला गेलो. त्या दिवशी तिथे 'रेन'ची मिरवणूक असते. पेंढ्याचे अंगरखे घालून, पेंढ्यानेच तोंड झाकून, ढोल आणि बासऱ्या वाजवत टोळ्या गल्लोगल्ली फिरतात. पूर्वी रेन नावाचा इवला पक्षी मारून काठीला बांधत, ते आता बंद झालं आहे. जमलेले पैसे चांगल्या कामाला जातात. सासूबाई फुटपाथवरून ओरडल्याच, "अगो, हे तर आमच्या शिमग्यातले खेळे!" आणि पेंढ्यातल्या एकाने हात पुढे केला तेव्हा दोन पावलं त्याच्याबरोबर नाचल्याही. उन्हाळ्यात डिंगल पर्यटकांचं असतं. त्या दिवशी ते गावकऱ्यांचं होतं, आणि म्हणूनच आम्हाला त्यात जागा मिळाली.

म्हणून हा आग्रह. हिवाळ्यात देश पाहुण्यांसाठी सजलेला नसतो, तो स्वतःच्या सणावारात असतो आणि त्याच्याकडे बोलायला वेळ असतो. काही गोष्टी हुकतात. स्केलिग मायकेल बेटाच्या बोटी बंद असतात, पाऊस पाठ सोडत नाही. पण तीन पिढ्या रोज दुपारी चारला एकाच चुलीपाशी बसतात, चहा होतो, पाहिलेल्यावर बोलणं होतं. घाईच्या सहलीत ते कधी घडत नाही. जाणार असाल तर एवढंच करा. सगळं बेट पालथं घालायचा हट्ट सोडा, दोन-तीन मुक्काम निवडा, दिवसाला दीडशे किलोमीटरच्या वर गाडी पळवू नका. दिवस मावळायच्या आत मुक्कामी पोहोचा आणि शेजारच्या घराची कडी वाजवा. तिथली माणसं दार उघडतात.